प्रश्नाला किती वेळ द्यावा?
(चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी येथे पालक व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परीक्षेचा निकाल लागला की गुणांची चर्चा होते, कठीण प्रश्नांची होते, चुकीच्या उत्तरतालिकेची होते. ती परीक्षा सोडविण्यास दिलेला वेळ पुरेसा होता काय, ही चर्चा मात्र क्वचितच होते. घड्याळ हे सूर्योदयासारखे, कोणाच्याही हाती नसलेले असे आपण गृहीत धरतो. वास्तविक ज्याप्रमाणे प्रश्न कोणीतरी काढलेले असतात, त्याचप्रमाणे वेळही कोणीतरी ठरविलेला असतो, आणि तो ठरविताना कसला विचार केला, हे विचारण्याचा अधिकार परीक्षार्थ्याला आणि त्याच्या पालकाला आहे.

काही आकडे समोर ठेवू. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्व परीक्षेत १०० प्रश्न आणि ६० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी असलेल्या अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीत २०० प्रश्न आणि १२० मिनिटे, म्हणजे पुन्हा ३६ सेकंदच. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांना १२० मिनिटे होती. तेथे ७२ सेकंद पडतात. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेत प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न व ९० मिनिटे, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या मुलालाही ७२ सेकंद. अभियांत्रिकीच्या सीईटीत भौतिक व रसायनशास्त्राच्या १०० प्रश्नांना मिळून ९० मिनिटे म्हणजे ५४ सेकंद, तर गणिताच्या ५० प्रश्नांना तितकीच ९० मिनिटे, म्हणजे १०८ सेकंद. या शेवटच्या उदाहरणात निदान एवढा विवेक दिसतो की, गणिताला कागदावर आकडेमोड लागते हे कोणाच्या तरी ध्यानात आले, आणि त्या प्रश्नांना गुणही दुप्पट ठेवले गेले.

आता छत्तीस सेकंदांचे काय होते ते पाहा. 'खालील विधानांचा विचार करा' अशा धाटणीचा प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे. चार विधाने, त्यांखाली चार पर्याय, असे मिळून सहज शंभर शब्द होतात. मिनिटाला दोनशे शब्द या वेगाने वाचणाऱ्यालाही तो नुसता वाचण्यास तीस सेकंद लागतील. विचार करण्यास उरले सहा. या सहा सेकंदांत जो उत्तर देतो तो विचार करीत नाही, त्याला ते आधीच पाठ असते किंवा तो अंदाज बांधतो. अर्थात त्याच प्रश्नपत्रिकेत दहा सेकंदांत सुटणारे प्रश्नही असतात आणि तेथे वाचलेला वेळ येथे खर्ची घालता येतो. पण मग कोणते प्रश्न सोडून द्यावेत, हे ओळखण्याची विद्या हीच परीक्षेची मुख्य विद्या बनते. ती विद्या शहरातल्या शिकवणी वर्गात पैसे मोजून मिळते, गावातल्या अभ्यासिकेत सहसा मिळत नाही.

ही पद्धत आली कोठून? पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, अमेरिकेच्या सैन्याला लक्षावधी नव्या भरतीची प्रतवारी अल्पावधीत करावयाची होती. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांनी 'आर्मी अल्फा' ही लेखी आणि निरक्षरांसाठी 'आर्मी बीटा' अशा चाचण्या तयार केल्या. सुमारे सतरा लाख सैनिकांची त्यांतून चाचणी झाली. अल्फा चाचणीच्या प्रत्येक भागाला मुद्दामच इतका अपुरा वेळ ठेवला होता की बहुतेकांचे प्रश्न पुरे होऊ नयेत. घाईत असलेल्या सेनेला रांग लावायची होती, आणि ज्याचे जितके प्रश्न सुटले तितका तो वरचा, ही रांग लावण्याची सोपी रीत होती. युद्ध संपले, रीत राहिली. आज ज्या परीक्षेला लाखो अर्ज येतात आणि जागा हजारांत असतात, तेथे आयोजकांपुढची अडचण त्या सेनेच्या अडचणीसारखीच आहे. चाळणी बारीक करण्याचे दोन मार्ग असतात, प्रश्न कठीण करणे किंवा वेळ कमी करणे. दुसऱ्यास श्रम कमी पडतात.

चाचणीशास्त्रात याविषयी एक जुना भेद आहे. हॅरोल्ड गलिक्सन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो नीट मांडला. एक वेगाची चाचणी आणि दुसरी सामर्थ्याची. पहिलीत प्रश्न इतके सोपे की वेळ मिळाल्यास प्रत्येक जण सर्व सोडवील. पाहायचे असते ते केवळ किती लवकर. दुसरीत वेळ मुबलक, पण प्रश्न चढत्या काठिण्याचे. पाहायचे असते ते कोण कोठपर्यंत पोहोचतो. प्रत्यक्षातल्या बहुतेक परीक्षा या दोहोंच्या मधल्या असतात, आणि त्यात वाईट असे काही नाही. वाईट हे की, परीक्षा आपण कोणती घेत आहोत हे घेणाराच अनेकदा ठरवीत नाही.

वेग हा गुण नव्हे, असे कोणीही म्हणणार नाही. शासकीय लिपिक-टंकलेखकाला मराठीत मिनिटाला ३० शब्दांची गती लागते. तेथे गती हीच पात्रता आहे. बँकेच्या अधिकारीपदाच्या पूर्वपरीक्षेत १०० प्रश्नांना ६० मिनिटे असतात आणि प्रत्येक विभागाला २० मिनिटांचे स्वतंत्र कुंपण असते. परीक्षा जाहीरपणे वेगाची आहे, उमेदवार त्याच तयारीने बसतात, त्यात फसवणूक नाही. परंतु शिक्षकाची निवड करताना ३६ सेकंदांचा हिशेब कशासाठी? वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला तीनदा समजावून सांगण्याची ज्याची तयारी आहे, असा शिक्षक पालकांना हवा असतो. त्याची पारख करणारी चाचणी मात्र क्षणभर थांबणाऱ्याला मागे टाकते. तलाठ्यालाही सातबारा झटपट नव्हे, अचूक लिहावा लागतो. त्याच्या परीक्षेत दुप्पट वेळ आहे आणि शिक्षकाच्या परीक्षेत निम्मा, याचे समर्थन कोणत्या तर्कावर होते ते जाहिरातीत सापडत नाही.

मग वेळ अपुरा होता की पुरेसा, हे ओळखायचे कसे? अमेरिकेतील ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेत फ्रान्सिस स्वाइनफोर्ड यांनी एक साधा निकष रूढ केला. निदान ८० टक्के परीक्षार्थी शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचावेत आणि जवळजवळ प्रत्येक जण तीन चतुर्थांश प्रश्नांपर्यंत तरी पोहोचावा. तसे झाले नाही, तर परीक्षा ज्ञानाबरोबर वेगही मोजत आहे असे समजावे. निकष ढोबळ आहे, पण उपयोगी आहे. मात्र एक खाच आहे. चुकीच्या उत्तराला जेथे गुण कापले जात नाहीत, जसे आपल्या सीईटीत, तेथे शेवटच्या दोन मिनिटांत मुले उरलेले सगळे गोल डोळे मिटून भरतात. कागदावर पाहिले तर प्रत्येकाने संपूर्ण पेपर सोडविलेला दिसतो! गुण कापले जातात त्या ठिकाणी, जसे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत एका चुकीला पाव प्रश्नाचे गुण जातात, तेथे कोऱ्या जागा निदान खरे बोलतात.

संगणकाने ही खाच बुजविण्याचे साधन दिले आहे. संगणकावरील परीक्षेत कोणत्या प्रश्नावर कोण किती सेकंद थांबला, याची नोंद ठेवता येते. शेवटचे पंधरा प्रश्न एखाद्याने प्रत्येकी दोन सेकंदांत उरकले असतील, तर तो अंदाज होता हे सांगायला ज्योतिषी नको. नेदरलँड्सचे विम व्हान डर लिंडेन यांनी २००६ मध्ये अशा वेळनोंदींचे गणितच बसविले. प्रत्येक प्रश्नाला स्वभावतः किती वेळ लागतो आणि प्रत्येक परीक्षार्थ्याची स्वाभाविक गती किती, हे दोन्ही त्यातून वेगळे काढता येते. सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. इतक्या वर्षांत नोंदींचे केवढे भांडार साठू शकते! त्यातून प्रत्येक प्रकारच्या प्रश्नाला मराठी माध्यमाच्या मुलाला किती वेळ लागतो आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलाला किती, हे काढून प्रसिद्ध केले, तर वेळेचा वाद पुष्कळसा मिटेल. अमेरिकेतील सॅट परीक्षा संगणकावर नेताना आयोजकांनी १५४ प्रश्नांना १८० मिनिटे हे जुने प्रमाण बदलून ९८ प्रश्नांना १३४ मिनिटे असे केले. प्रश्नामागे ७० सेकंद होते, ते ८२ झाले. प्रश्न कमी करून वेळ वाढविता येतो, हा धडा त्यात आहे. आपल्याकडे नीटमध्ये उलटे घडले असे म्हणता येणार नाही, पण घड्याळ बरेच हिंदकळले. २०२१ मध्ये २०० पैकी १८० प्रश्न सोडवायला १८० मिनिटे, २०२२ पासून त्यालाच २०० मिनिटे, आणि २०२५ मध्ये १८० प्रश्नांना पुन्हा १८० मिनिटे. ऐच्छिक प्रश्न निवडताना मुलांनी वीस प्रश्न जादा वाचायचे, याची भरपाई वर्षभर उशिरा मिळाली.

आता गावाकडे येऊ. चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचे स्थानक. येथल्या मुलाला संगणकावरील परीक्षेसाठी नांदेड वा परभणी गाठावे लागते. सकाळचे सत्र असेल तर पहाटेची गाडी किंवा आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम. २१ ऑगस्ट २०२३ रोजी तलाठी परीक्षेचे सकाळचे सत्र सर्व्हरच्या बिघाडामुळे राज्यभर सुमारे दोन तास उशिरा सुरू झाले. परीक्षेचा वेळ त्यात कापला गेला नाही, हे खरे. पण पहाटे चारला उठून आलेला उमेदवार आणि केंद्राजवळ राहणारा उमेदवार, यांच्यासाठी ते दोन तास सारखे नव्हते.

केंद्रात शिरल्यावर पडदा. ज्याने घरी संगणक पाहिलेला नाही, त्याची काही मिनिटे यंत्राची ओळख करून घेण्यातच जातात. प्रश्न वाचण्यासाठी पान खाली सरकवा, पर्याय निवडा, 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबा, संशय असेल तर वेगळी खूण करा. उत्तर निवडून पुढे गेला आणि जतन करायला विसरला, तर ते उत्तर नसल्यासारखेच. प्रश्नपत्रिका द्विभाषिक असते तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. भाषांतर बोजड असेल तर मुलगा मराठी वाचतो, अर्थ लागत नाही म्हणून इंग्रजी वाचतो, मग पुन्हा मराठीकडे येतो. इंग्रजी माध्यमाचा मुलगा एकदाच वाचतो. घड्याळ दोघांचे एकच. परिभाषा सुबोध करणे हा मातृभाषेच्या अभिमानाचा विषय आहेच, पण तो प्रत्यक्ष मिनिटांचाही विषय आहे, हे शासनाच्या भाषांतरकारांनी ध्यानात घ्यावयास हवे.

जाता जाता एक उल्लेख. त्याच तलाठी परीक्षेची सत्रे पन्नासाहून अधिक झाली आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा होता. एका पेपरचे दोन तास दुसऱ्या पेपरच्या दोन तासांइतके सैल असतीलच असे नाही, म्हणून गुणांचे सामान्यीकरण करावे लागले; आणि २०२४ च्या आरंभी २०० पैकी २१४ गुण मिळाल्याचे पाहून महाराष्ट्र चकित झाला. सूत्र गणिताने चूक नसेलही. पण जे सूत्र सामान्य माणसाला समजावून सांगता येत नाही, त्याने विश्वास मिळत नाही.

गमावलेल्या वेळेचा न्याय कसा करावा, हा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०१८ मधील विधी प्रवेशाची क्लॅट परीक्षा संगणकावर होती, १२० मिनिटांत २०० प्रश्न. अनेक केंद्रांवर पडदे बंद पडले, वीज गेली. न्यायालयाच्या संमतीने एक सूत्र ठरले. उमेदवाराने मिळालेल्या वेळात ज्या गतीने व अचूकतेने उत्तरे दिली, त्याच प्रमाणात गमावलेल्या मिनिटांचे गुण त्याला द्यावेत. कोणाची किती मिनिटे गेली हे यंत्राच्या नोंदीतून काढता येत असल्याने तो हिशेब शक्य झाला. २०२४ मध्ये हेच सूत्र नीटला लावण्यात आले. नीट कागदावरची परीक्षा. तेथे प्रत्येकाची गती नोंदविणारे यंत्र नव्हते. काही केंद्रांवर वेळ कमी मिळाल्याबद्दल १५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले गेले, त्यावरून देशभर असंतोष उसळला, आणि १३ जून २०२४ रोजी ते गुण रद्द करण्याचे न्यायालयात मान्य करण्यात आले. २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा झाली, तिला ८१३ विद्यार्थी बसले. गमावलेला वेळ वेळानेच भरून द्यावा, गुणांनी भरून देण्याचा मार्ग शेवटचा, एवढा बोध यातून निघतो.

दिव्यांग मुलांचा विचार येथे स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण त्यांच्याबाबत नियम स्पष्ट असूनही मोडला जातो. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र दिव्यांग परीक्षार्थ्याला तासामागे किमान २० मिनिटे भरपाई वेळ मिळावयास हवा. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका विद्यार्थिनीला, लेखन-अक्षमता असल्याने नीटमध्ये एक तास जादा मिळावयाचा होता. केंद्रावर तो नाकारून उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परीक्षा संस्थेला यावर उपाय करण्यास सांगितले. जादा वेळ ही सवलत नव्हे, तो हक्क आहे, हे केंद्रावरच्या पर्यवेक्षकाला आधी शिकवावे लागेल. गावातल्या शाळेतही एखादे मूल अक्षरे उलटसुलट वाचत असेल, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी त्याची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे. दहावीच्या आदल्या महिन्यात धावपळ करून ते हाती येत नाही.

मोठ्या परीक्षांचे घड्याळ चुडाव्यात बसून बदलता येत नाही. पण शाळेतल्या, अभ्यासिकेतल्या, भ्रमणध्वनीवर पाठविल्या जाणाऱ्या चाचण्यांचे घड्याळ येथल्याच शिक्षकांच्या हाती आहे. साथीच्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, राज्याने 'स्वाध्याय' हा उपक्रम सुरू केला. व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला बहुपर्यायी प्रश्न येत आणि मुले सवडीने सोडवीत. वडील शेतातून आल्यावर हाती येणाऱ्या भ्रमणध्वनीवर तेच योग्य होते. उलट टोकाला खेळासारख्या प्रश्नमंजूषा आहेत. कहूटमध्ये प्रश्नाला आपोआप वीस सेकंद धरलेले असतात आणि लवकर उत्तर देणाऱ्याला गुण जास्त. वर्गात हशा पिकविण्यास ते उत्तम. त्या गुणांवरून मुलाची प्रत ठरवू मात्र नये.

वेळ कमी ठेवण्यामागे शिक्षकांचे एक कारण असते, आणि ते क्षुल्लक नाही. जास्त वेळ दिला तर मुले पुस्तक उघडतील, एकमेकांना विचारतील. पण घड्याळ आवळल्याने नक्कल करणारा अडत नाही. तीन मुले मिळून सोडवू लागली तर त्यांचे काम लवकरच होते. प्रामाणिकपणे एकटा बसलेला संथ मुलगाच त्यात सापडतो. प्रश्नांचा व पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा द्यावा, मोठ्या प्रश्नसंचातून निरनिराळे प्रश्न काढावेत, पुस्तकात जसेच्या तसे न सापडणारे प्रश्न विचारावेत. त्याला कष्ट पडतात, हे मान्यच आहे.

वेळ ठरविण्याची रीत साधी आहे. चाचणी पाठविण्यापूर्वी वर्गाबाहेरच्या तीन मुलांकडून ती त्याच पडद्यावर सोडवून घ्यावी; एक चलाख, एक मध्यम, आणि एक ज्याला विषय येतो पण वाचन संथ आहे असा. घड्याळ या तिसऱ्याच्या वेळावरून लावावे. शिक्षकाने स्वतः सोडवून त्याच्या तिप्पट वेळ द्यावा, असाही एक आडाखा आहे, पण तो कागदावरचा. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर तो तोकडा पडू शकतो.

समजा आठवीची वीस प्रश्नांची चाचणी आहे. आठ प्रश्न केवळ स्मरणाचे, प्रत्येकी ४० सेकंद, म्हणजे ३२०. आठ प्रश्न आकडेमोडीचे, प्रत्येकी १०० सेकंद, म्हणजे ८००. एक उतारा वाचण्यास १८० आणि त्यावरचे चार प्रश्न ५० सेकंदांप्रमाणे २००. बेरीज १५०० सेकंद, अर्थात २५ मिनिटे. उघडणे, नाव भरणे आणि शेवटी एकवार नजर फिरविणे यांस आणखी पाच. एका प्रश्नाला एक मिनिट या सवयीने याच चाचणीला वीस मिनिटे दिली गेली असती, आणि जी दहा मिनिटे कापली गेली असती ती नेमकी उताऱ्याची व आकडेमोडीची असती. दिव्यांग मुलासाठी हेच घड्याळ चाळीस मिनिटांचे. प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र घड्याळ लावू नये, संपूर्ण चाचणीला एकच लावावे, म्हणजे अडलेला प्रश्न सोडून पुढे जाता येते आणि मागेही येता येते.

वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसलेल्या ठिकाणी चाचणी सुरू करण्याची मुदत लांब ठेवावी, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत म्हणा. सुरू केल्यावर मात्र प्रत्येकाचे तीस मिनिटांचे घड्याळ वेगळे. संपर्क तुटला तर उरलेली मिनिटे शाबूत राहतील, अशीच सोय असलेले साधन निवडावे. ते नसेल तर त्या मुलाला दुसऱ्या प्रश्नांची चाचणी पुन्हा द्यावी, त्याचे गुण अंदाजाने वाढवू नयेत. आणि निकाल हाती आला की प्रथम शेवटचे पाच प्रश्न पाहावेत. ते बहुतेकांचे चुकले असतील आणि पहिले पाच बहुतेकांचे बरोबर असतील, तर शेवटचे प्रश्न खरोखर कठीण होते की तेथवर कोणाला पोहोचताच आले नाही, हे वर्गात विचारून घ्यावे. मुले ते स्पष्ट सांगतात.